सुमित्राची उजळणी

१ डिसेंबर २०२४

मंडळात आज ज्येष्ठांच्या स्मरणशक्तीवर कार्यक्रम होता. नंतर पोहे-जिलबी असल्यामुळे गर्दी बरी होती. शमिका नावाची मुलगी बोलायला आली होती. साकेत नगरातल्या एका संस्थेत संशोधन करते. आजोबा आमच्या वडिलांसारखेच छप्पन साली नागपूरहून सरकारी दप्तराबरोबर भोपाळला आलेले, म्हणजे आपल्यातलीच. मराठी छान बोलते, पण दर तिसऱ्या वाक्याला हिंदीत उतरते. घरात मराठी आणि बाहेर हिंदी असं ज्यांचं आयुष्य गेलं, ती माणसं सत्तरीनंतर नवं कितपत शिकतात आणि शिकलेलं किती टिकतं, हा तिचा विषय. ती काही शब्द वाचून दाखवणार, आपण ते परत म्हणायचे. तीन महिन्यांनी पुन्हा एकदा जायचं. भाग घेणाऱ्याला स्टीलचा डबा.

"कोण कोण येणार?" तिने विचारलं, तर सगळे वर्गणी मागितल्यासारखे खाली बघायला लागले. तेवढ्यात माझ्या शेजारून हात वर गेला. सुमित्राचा. इतक्या वर्षांत मंडळात तिने कशासाठी हात वर केलेला मला आठवत नाही. मागून माझा बालमित्र गजानन म्हणाला, "वहिनी जाऊन राहिल्या तर मी काय मेलो का बे?" आणि त्यानेही नाव दिलं. मग बाकीचे उठले.

मिसरोदला घरी परतताना रिक्षात तिला विचारलं, हे कशाला. "बघू तरी," एवढंच म्हणाली. डब्याचा मोह झाला असणार.

संध्याकाळी हैदराबादहून परागचा फोन, दर रविवारसारखा. विषयही तोच: घर विका आणि आमच्याकडे या. दिवाळीत तो आला होता तेव्हा सुमित्रा अनारशाचं पीठ पुढ्यात घेऊन बसली आणि पुढे काय करायचं ते तिला आठवेना. तेवढ्यावरून त्याने ठरवून टाकलं की आई विसरायला लागली. मी म्हटलं, "आई आता शास्त्रीय परीक्षाच देणार आहे. निकाल चांगला आला तर हा विषय बंद."

"आणि नाही आला तर?"

"तर बघू."

"बघू नाही बाबा. तर तुम्ही दोघं इकडे येता."

बोलण्याच्या भरात मी हो म्हणून बसलो. सहाव्या वर्षी या गावात आलो, चौऱ्याहत्तराव्या वर्षी सोडायचा माझा अजिबात विचार नाही.

४ डिसेंबर

शमिकाचा फोन. घरच्या माणसाला काही प्रश्न विचारायचे असतात म्हणे. ओळखीच्या रस्त्यावर काकू गोंधळतात का? नाही. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात का? मी म्हटलं, मला कमी ऐकू येतं, म्हणून विचारावीच लागते. स्वयंपाक करताना क्रम चुकतो का? मी म्हटलं, इतकी वर्षं ती स्वयंपाक करते आहे, फोडणी आधी द्यायची की नंतर हे तिचं ती बघेल.

ती हसली. "काका, 'हाँ' लिहू की 'ना'?"

"ना लिही."

९ डिसेंबर

गजाननची परीक्षा आज झाली. तिथून तो घरी न जाता थेट आमच्याकडे आला. टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरांत आमची घरं शेजारी होती, तेव्हापासून दार न वाजवता आत यायची त्याची सवय आहे.

"नीळ्या, कागद काढ. विसरायच्या आत लिहून घे."

"काय?"

"पेपर बे. बारा शब्द आहेत. पोरगी पाच वेळा वाचून दाखवते, दर वेळी म्हणायला लावते. मग तासभर इकडचं तिकडचं विचारते अन् पुन्हा म्हणा म्हणते."

त्याला नऊ आठवले. उरलेल्यांसाठी त्याने मंडळातल्या मंजूषाताईंना फोन लावला, त्यांचीही परीक्षा सकाळीच झाली होती. "ताई, लिंबूच्या नंतर काय होतं?" तिकडून त्या म्हणाल्या, "लिंबू होतं का?" शेवटी दोघांचं मिळून बारा झाले. कंदील, शेळी, लिंबू, पूल, ढोल, खिडकी, टोपी, विहीर, घंटा, चादर, चमचा, पत्र.

यात गैर काही आहे असं मला वाटत नाही. आमच्या घरांतून परीक्षेला कोणी तयारीशिवाय बसलेलं नाही. मी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होतो, बढतीच्या परीक्षेला जुने पेपर घोकूनच बसलो. परागला इंजिनियरिंगच्या वेळी दोन वर्षं स्कूटरवरून एम. पी. नगरच्या क्लासला सोडलं. प्रश्न आधी बघून ठेवणं यालाच तर तयारी म्हणतात.

१० डिसेंबर

सुमित्राला सांगितलं. तिने विचारलं, "हे चालतं का?"

"डोक्याला व्यायाम. चालायला काय झालं?"

ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि समोर येऊन बसली. "सांगा."

पाच वेळा वाचून दाखवले. चार आले. पुन्हा वाचले, तर तीन. तिचं लक्ष नसतं, बाकी काही नाही.

१२ डिसेंबर

युक्ती सापडली. आज ड्रॉइंग शीट काढली आणि आमची जुनी क्वार्टरांची ओळ आखली. ओळीत बारा घरं होती आणि शब्दही बाराच. एका टोकाला नळ, दुसऱ्या टोकाला चिंच. मालतीबाईंचं घर पहिलं, त्यांच्या ओसरीवर कंदील ठेवला. दुसऱ्या घरी शेळी बांधली. तिसरं सिद्दीकीसाहेबांचं. त्यांच्या अंगणात लिंबू ठेवायची गरजच पडली नाही, ते होतंच. चौथं सुमित्राचं माहेर. नालीवर तिच्या बाबांनी फरशी टाकली होती, तो पूल. पाचव्या घरी गजाननचा ढोल. सहावं आमचं, तिथे खिडकी. असं चिंचेपर्यंत.

तिला म्हटलं, शब्द पाठ करू नको. नळापासून चालत नीघ आणि कोणाकडे काय दिसतं ते सांग.

तिने डोळे मिटले. पहिल्या फेरीत आठ आले.

१४ डिसेंबर

दहा. पण वेळ फार लागतो, कारण ती प्रत्येक घरी थांबते. कंदिलापाशी पोचली की मालतीबाईंच्या पेटीची एक पट्टी कशी मुकी होती आणि त्या ठिकाणी त्या तोंडाने सूर कसा भरायच्या, ते सांगते. मग तो सूर काढून दाखवते. लिंबापाशी सिद्दीकीसाहेबांची बायको. ईदला शेवया द्यायच्या आणि वाटी रिकामी परत करायची नाही म्हणून तिची आई त्यांना गोळाभात पाठवायची. त्यांना तो इतका आवडला की पुढे त्यांनीच मागून घेतला.

मी म्हटलं, "पुढे चल, परीक्षेत गप्पांना गुण नाहीत."

"चलते. पुलावर आले. इथे तुम्ही सायकलवरून मुद्दाम पडायचात."

"घसरायचो. फरशीवर शेवाळ होतं."

"रोज?"

"ओळीतल्या मुलांना विचार."

"मुलांना काय विचारायचं? आई म्हणायची, दाण्यांच्या नीळकंठाला एकतर सरळ सायकल शिकवा, नाहीतर पोरगी द्या."

हे तिने आजवर मला सांगितलं नव्हतं. आईंनी असं म्हटलं असेल यावर माझा विश्वास बसतो.

छप्पन सालच्या डिसेंबरातलं मलाही बरंच आठवलं. काळी माती, बुटांना चिकटून पाय जड व्हायचे. नागपूरची संत्री ट्रंकेतून आणलेली, आई रोज एकच सोलायची आणि सगळ्यांना फोडी वाटायची. वडील म्हणायचे, दोन-चार वर्षांत परत बोलावतील. शेजारपाजारचे सगळेच असं म्हणायचे. त्यामुळे कोणी घराला पडदे लावत नव्हतं. कोणी बोलावलं नाही, मग एकेकाकडे पडदे लागले.

१६ डिसेंबर

बाराच्या बारा. मधल्या तासानंतरही बारा. शमिका खूश. "काकू तो टॉपर निकलीं," म्हणाली. कागद दिला: वयाच्या मानाने स्मरणशक्ती उत्तम. मी तिथल्या तिथे फोटो काढून परागला पाठवला. त्याचं उत्तर आलं: "ग्रेट. सॉरी बाबा, मी उगाच काळजी करत होतो."

घरी येताना जिलबी घेतली. सुमित्राने तुकडाही घेतला नाही. विचारलं तर म्हणाली, "आता कोणी काही म्हणणार नाही ना?"

"कोणाची काय बिशाद."

तिने डबा कपाटात सगळ्यात मागे ठेवून दिला. एवढा मोह होता तर निदान वापरायचा तरी.

५ जानेवारी २०२५

पराग घराबद्दल काही बोलला नाही. थंडीबद्दल बोलला. 

९ जानेवारी

परीक्षा संपली तरी आमच्या फेऱ्या चालू आहेत. चहा झाला की तीच म्हणते, "चला." मला आता शीट लागत नाही. ओळ होती त्यापेक्षा मोठी होत चालली आहे. आज तिला चिंचेच्या पलीकडची मैदानातली जागा आठवली, जिथे बायका वड्या वाळत घालायच्या आणि एका बाईने कावळ्यांना हाकलायला नवऱ्याचा ऑफिसचा कोट काठीवर टांगला होता. तो कोट तिथेच राहिला आणि साहेब तसेच शर्टवर कचेरीत गेले. आम्ही दोघं खूप हसलो. पराग लहान असताना एवढं एकत्र हसलो होतो, त्यानंतर आत्ता.

मध्येच म्हणाली, "मालतीबाईंचा कंदील परत करायचा राहिला." गोष्टीत चांगलीच रंगते.

२२ जानेवारी

आज जरा धावपळ झाली. सुमित्रा भाजीला गेली होती, कोपऱ्यावरच. तासाभराने तिच्या फोनवरून एका रिक्षावाल्याचा फोन. "अंकल, आंटी को ले जाइए. टी. टी. नगर में बैठी हैं."

गजाननला घेऊन गेलो. आमची ओळ होती तिथे आता उंच इमारती आहेत. क्वार्टरं सहा-सात वर्षांपूर्वीच पाडली. पाडायच्या आधी आम्ही दोघं मुद्दाम बघायला गेलो होतो. सुमित्रा फुटपाथच्या कडेला भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. रिक्षावाल्याने तिला पाणी आणून दिलं होतं. भला माणूस. म्हणाला, "आंटी बोल रही थीं पीछे वाली लाइन में छोड़ दो. मैंने कहा यहाँ तो कोई लाइन बची ही नहीं."

मला बघून तिने विचारलं, "अहो, ओळ कुठे गेली?"

"पाडली ना. आपण आलो होतो बघायला."

"हो," म्हणाली. जरा विचार केला. "मग आपण रोज कुठे जातो?"

गजाननने तोंड फिरवलं. मी म्हटलं, "रोज आपण बोलतो. ते बोलणं." तिला ते पटलं असावं. पिशवी माझ्याकडे दिली आणि रिक्षात बसली.

इतकं बोलल्यावर माणसाला जागा बघावीशी वाटणारच. मलाही वाटलं होतं. रिक्षात बसल्यावर गजानन मला म्हणाला, "नीळ्या, परागला सांग." मी म्हटलं, भाजीला जाऊन उशीर झाला, यात सांगायचं काय? तो परत काही बोलला नाही, आणि गजानन गप्प बसला की मला आवडत नाही.

२६ जानेवारी

परागचा फोन. सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं.

११ फेब्रुवारी

भाजीला आता मी जातो. पाय मोकळे होतात. संध्याकाळच्या फेऱ्या मी कमी करायला बघतो. ती विचारते, मी म्हणतो आज गुडघा दुखतो. बसूनच तर फिरायचं असतं, पण तिने तसं म्हटलं नाही.

मी गच्चीवर जाऊन बसलो की तिचा सूर खालून ऐकू येतो. मालतीबाईंच्या पेटीतला, मुक्या पट्टीचा.

१७ मार्च

दुसरी भेट. मंडळातून या वेळी पहिला नंबर आमचाच लागला, गजाननचा पुढच्या आठवड्यात. मी निश्चिंत होतो. बारा शब्द तिला झोपेतही येतात.

मला बाहेर बसवलं. थोड्या वेळाने शमिकाने दार उघडून आत बोलावलं. तिच्या हातातला कागद बघून समजलं की शब्द वेगळे आहेत. दुसऱ्या भेटीला दुसरे शब्द. एवढी साधी गोष्ट माझ्या, गजाननच्या, कोणाच्याच डोक्यात आली नाही. आमच्या वेळी खात्याचा पेपर वर्षानुवर्षं तोच यायचा.

"काका, मी काकूंना नवी यादी पाच वेळा वाचून दाखवली. 'म्हणा' म्हटलं तर त्या डोळे मिटतात आणि हे म्हणतात." तिने सुमित्राकडे वळून हळूच सांगितलं, "काकू, फिर से एक बार?"

सुमित्राने डोळे मिटले. कंदील, शेळी, लिंबू, पूल, ढोल, खिडकी. एका चालीत, चिंचेपर्यंत. डोळे उघडून तिने माझ्याकडे बघितलं. शाळेतल्या मुलीसारखं.

"ही डिसेंबरची यादी आहे," शमिका म्हणाली. "आणि हा क्रम माझा नाही. डिसेंबरमध्येही त्यांनी याच क्रमाने म्हटलं होतं, मी लक्ष दिलं नाही. काका, ही कुठून आली?"

मी काही बोलायच्या आत सुमित्रा म्हणाली, "यांनी शिकवलं मला. आधीच."

 शमिका बसली. "और किसको मालूम था?"

मी गजाननचं नाव घेतलं नाही. घ्यावं लागलं नाही, शब्द आधी येऊन गेलेल्या कोणाकडून तरीच फुटले असणार हे तिला कळलं. ती म्हणाली, "म्हणजे मंडळातली सगळी बॅच गेली. काका, परीक्षा नव्हती ही. यात कोणी पास-नापास होत नाही. कोणाला मदत हवी ते कळावं म्हणून करतो आपण." आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त लागलं. वर्षभराचं तिचं काम. मी माफी मागितली. ती म्हणाली, "ठीक है," पण ते ठीक नव्हतं.

मग तिने तो कागद पुन्हा ओळीओळीने तपासला. म्हणाली, "आत्ता वाचलेल्यातला एकही शब्द काकूंकडे नाही. पण तीन महिन्यांपूर्वीचे बारा आहेत. मी वाचलंय असं, समोर कधी पाहिलं नव्हतं. तुम्ही हे शिकवलंत कसं?"

मी ओळीचं सांगितलं. ती ऐकत राहिली. "पायाखालच्या जागेला बांधलं आणि रोज चाललात, म्हणून टिकलं. नवं शिकता येतं त्यांना अजून. वेळ लागतो, पुन्हा पुन्हा करावं लागतं, पण येतं. पण काका, खरा निकाल असता तर काकूंना डिसेंबरमध्येच डॉक्टरांकडे पाठवलं असतं मी." तिने आमच्यासमोरच फोन लावून वेळ घेतली.

१८ मार्च

सकाळी चहा घेताना मी म्हटलं, "तू तिथे सांगायला नको होतंस. मी सांगितलं असतं."

"कधी?"

मी बशीत चहा ओतला. तिने कप खाली ठेवला.

"मंडळात मी हात वर केला, तो कशासाठी असं वाटलं तुम्हाला?"

"डब्यासाठी."

ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मग पदराने पुसत राहिली, आणि पुसणं थांबेना. म्हणाली, "दिवाळीच्याही आधीपासून मला कळत होतं. हात पिठात असतात आणि पुढचं कोरं. तुम्हाला सांगायला आले की तुम्ही म्हणायचात, लक्ष नसतं तुझं. म्हटलं, कोणी तिऱ्हाईत तपासेल, कागदावर देईल, मग हे ऐकतील. तर तुम्ही मला पहिलीच आणलीत."

"मग शिकलीस कशाला? नाही म्हणायचं."

"तुम्ही किती घाबरला होतात ते दिसत नव्हतं का मला? आणि..." ती थांबली. "आवडायला लागलं मला. संध्याकाळी तुम्ही समोर बसायचात."

२५ मार्च

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. सुरुवात आहे, म्हणाले. गोळ्या दिल्या, त्यांनी वेग थोडा कमी होईल, परत काही मिळणार नाही. मी विचारलं, राहतं घर बदललं तर? ते म्हणाले, निर्णय घरच्यांचा. नवी जागा शिकायला त्यांना वेळ लागेल आणि जितका उशीर कराल तितकं ते अवघड होत जाईल. एकटं मात्र सोडू नका.

संध्याकाळी परागला फोन केला. पेपर, फुटपाथ, सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "बाबा, तो कागद मी ऑफिसमध्ये सगळ्यांना दाखवला होता." रागावला असता तर बरं झालं असतं.

६ एप्रिल

पराग आणि सून श्रुती काल आले. जेवणं झाल्यावर बैठक बसली. गजाननलाही बोलावलं होतं, माझ्या बाजूने बोलेल म्हणून. मी तयारी केली होती. सांगितलं, ओळखीची जागा तिच्यासाठी सगळ्यात चांगली. इथे वाणी ओळखतो, औषधवाला ओळखतो, दिवसभराची बाई ठेवू. पराग म्हणाला, "आणि पुन्हा रिक्षात बसून गेली तर?" श्रुती म्हणाली, "आईंना विचारलंय का कोणी?"

सगळे तिच्याकडे वळले. ती लसूण सोलत होती.

"मी जाते," सुमित्रा म्हणाली. "पण लगेच. पावसाळ्यानंतर नको, दिवाळीनंतर नको."

मला वाटलं, तिला नीट समजलं नाही. मी म्हटलं, "अगं, हे गाव, हे घर..."

"समजलंय मला. त्या मुलीने काय सांगितलं, मला अजून शिकता येतं. वेळ लागतो पण येतं. बारा शब्द शिकले तर चार खोल्या नाही का शिकता येणार? पुढच्या वर्षी येतील का ते कोणी सांगावं. तेव्हा मला उचलून नेऊन ठेवाल, आणि मी त्या घरात रोज दार शोधत बसेन." तिने एक पाकळी सोलून वाटीत टाकली. "चालत जायचंय मला."

मी गजाननकडे बघितलं. तो म्हणाला, "माझ्याकडं काय बघून राहिला बे? वहिनी बरोबर बोलून राहिल्या." आणि उठून पाणी प्यायला आत गेला. बराच वेळ आला नाही.

म्हणजे इतके महिने जी भीती मी तिच्या नावावर लिहीत होतो, ती माझी होती. ती कधीच तयार होती.

८ एप्रिल

तिला म्हटलं, आपण हैदराबादच्या घरात ओळीतली माणसं ठेवू. दारात मालतीबाई, बाल्कनीत सिद्दीकीसाहेब. सोपं जाईल.

"नको," म्हणाली. "ते आहेत तिथे बरे आहेत. तिथे त्यांचा गोंधळ होईल."

१३ एप्रिल

परागने त्याच्या घराची मापं पाठवली. ऊन उतरल्यावर गच्ची झाडून घेतली आणि खडूने सबंध घर खऱ्या मापात आखलं. दोन खोल्या कठड्यापाशी जरा दाबाव्या लागल्या. दारांच्या जागी रेघेत मोकळी फट सोडली. गुडघे बोलत होते, पण रेघ सरळ आली. फोनवर श्रुती पाहत होती. "बाबा, फ्रिज तिकडे नाही, खिडकीच्या बाजूला," असं दोनदा खोडायला लावलं.

शेजारच्या गच्चीवर प्राजक्ता दोरीवरचे कपडे काढत होती. "काका, हे काय?" म्हणाली. सुमित्राने उत्तर दिलं, "हैदराबाद."

ती चालायला लागली. मुख्य दार, उजवीकडे स्वयंपाकघर, सरळ गेलं की आमची खोली. पहिल्यांदा भिंतीतून गेली. मी सांगितलं नाही, तिचं तिलाच कळलं. परत मागे जाऊन दारातून आली. दुसऱ्या खेपेला बाथरूम चुकली. पाचव्या-सहाव्या खेपेला खोलीतून निघून न थांबता बाल्कनीत पोचली आणि तिथे उभी राहिली.

"इथून काय दिसतं रे?" तिने फोनमध्ये परागला विचारलं.

"समोरच्या बिल्डिंगची टाकी."

"असू दे. टाकी तर टाकी."

मिसरोदची घरं, रेल्वेलाईन, मंडीदीपकडे जाणारा रस्ता, सगळ्यावर संध्याकाळ होत होती. मी खडू हातात घेऊन आखणीच्या बाहेर, कठड्याला टेकून तेच बघत होतो.

"बाहेर काय उभे आहात?" ती म्हणाली. "या आत."

मी पाय उचलला आणि समोर रेघ होती. मग वळसा घालून दार कुठे सोडलं होतं ते बघितलं, आणि तिथून आत गेलो.